मुक्त शैक्षणिक साहित्य वर्गात वापरण्याआधी

'बल आणि गती'वरचा तयार धडा फुकट मिळालाय, दिसतोही छान, तर तो मुलांना द्यावा का आणि पारखायला एखादा तक्ता आहे का, असं तुम्ही विचारलंय. तक्ते पुष्कळ आहेत. पण ते भरत बसण्याआधी एवढंच ठरवा, की तुम्हाला या धड्यात काय बदलावं लागणार आहे? कारण जसाच्या तसा चालणारा धडा क्वचितच मिळतो.

म्हणून आधी परवाना बघा. फुकट उतरवून घेता येतं म्हणजे बदलायची मुभा आहे असं नाही. क्रिएटिव्ह कॉमन्स म्हणजे साहित्य कोणत्या अटींवर वापरायचं ते सांगणारे तयार परवाने; त्यात 'एनडी' (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदललेली आवृत्ती नको) असेल तर भाषांतर किंवा काटछाट केलेली आवृत्ती इतरांना देता येत नाही. तुमच्या कामाचा तो धडा तिथेच बाद. 'बीवाय-एसए' (कर्त्याचं नाव द्या आणि नवी आवृत्ती त्याच परवान्याखाली वाटा) आणि 'बीवाय-एनसी-एसए' (तेच, शिवाय व्यावसायिक वापर नको) यांतला मजकूर मिसळून एकच नवा धडा करून वाटायचा असेल तर अटी एकमेकींना छेद देतात. हे शेवटी कळलं तर सगळी मेहनत पाण्यात. आणि फाइल फक्त पीडीएफ असेल, तर परवाना कितीही उदार असो, बदल करताना जीव मेटाकुटीला येतो.

आता मजकूर. मी धडा मागून वाचते: आधी स्वाध्याय, मग उत्तरं, मग आकृत्या. प्रस्तावना सगळ्यांच्याच गोड असतात. तुमच्या धड्यात वर फेकलेल्या चेंडूची आकृती शोधा. हातातून सुटल्यावरही चेंडूवर वरच्या दिशेने बलाचा बाण दाखवला असेल, तर धडा मुलांचा नेहमीचा गैरसमजच पक्का करतोय. हवेचा रोध सोडला तर तिथे बल एकच, गुरुत्वाकर्षणाचं, खाली. वेगाचा बाण असेल तर ठीक, पण तसं लिहिलेलं हवं. स्वाध्यायही बघा: सगळी गणितं सूत्रात आकडे घालून सुटत असतील, तर 'का?' विचारणारे प्रश्न तुम्हालाच घालावे लागतील.

किती जणांनी उतरवून घेतलं, किती तारे मिळाले, याला मी फारशी किंमत देत नाही. चुका कळवायची सोय आहे का, त्या दुरुस्त होतात का, हे महत्त्वाचं. ओपनस्टॅक्स ही मुक्त पाठ्यपुस्तकं काढणारी संस्था आपल्या पुस्तकांच्या दुरुस्त्या उघड मांडते. असं दिसलं की माझा विश्वास वाढतो.

व्हिडिओ असेल तर उपशीर्षकं आहेत ना, तेवढं पाहून घ्या.

आणि वापरायचं ठरलं, तर शीर्षक, कर्ता, दुवा, परवाना आणि तुम्ही केलेले बदल धड्याच्या खालीच लिहून टाका. नंतर शोधू म्हटलं की सापडत नाही.