घरातल्या जुन्या ठासणीच्या बंदुकीचे फोटो मोबाइलवर चांगले कसे काढावेत? नळी चकाकते आणि लाकूड काळं येतं.

आधी बंदूक रिकामी असल्याची जाणकाराकडून खात्री करून घ्या. जुन्या नळीत कधीकधी दारू ठासलेली तशीच राहिलेली असते.

फ्लॅश बंदच ठेवा. नळी गोल आणि गुळगुळीत असल्यामुळे समोर जे असेल ते आरशासारखं दाखवते: बल्ब, खिडकी, तुमचा शर्टसुद्धा. म्हणून तिला दाखवायलाच काहीतरी पांढरं, मोठं द्या. उत्तरेकडच्या खिडकीला पातळ धोतर किंवा पांढरी चादर लावा, बंदूक खिडकीला समांतर ठेवा. नळीवर एक सलग, मऊ उजेडाची रेघ उमटेल. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरा थर्माकोल उभा केलात की दस्त्याचं लाकूडही उजळतं. लेन्सपुढे लावायचा पोलरायझर फिल्टर लाकडाच्या पॉलिशवरची चमक कमी करतो, उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग नाही.

खाली करडं, बिनचमकीचं कापड घ्या. पांढऱ्यावर बंदूक आणखी काळी येते. जवळ जाऊन वाइड लेन्सने काढलं तर नळीचं जवळचं टोक बेढब मोठं दिसतं. दूर उभं राहून २एक्स झूम वापरा. पूर्ण बंदुकीचा एक फोटो पुरे. खरी मजा घोडा, चाप आणि पितळी पट्ट्यांच्या क्लोजअपमध्ये आहे, तिथे वेळ द्या.

एडिटिंगमध्ये हायलाइट्स (उजळ भाग) कमी, शॅडोज (गडद भाग) थोड्या वर. गंज आणि ओरखडे मात्र पुसू नका, तेच तिचं वय सांगतात. ऑनलाइन टाकताना नंबर कोरलेला असेल तर झाका.