व्हायरल लोड ‘सापडत नाही’ आला, तर एआरटी थांबवता येते का? आणि तीच गोळी जोडीदाराला चालेल का?

एचआयव्हीच्या व्हायरल लोडच्या, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाच्या, रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलंय तर गोळ्या बंद करू का, आणि त्याच डब्यातली गोळी निगेटिव्ह जोडीदाराला रोज दिली तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. दोन्हींचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. मी फार्मासिस्ट आहे. एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, देताना हे प्रश्न सतत कानावर येतात, म्हणून कारणांसकट लिहितो.

एचआयव्ही सीडी-4 पेशीत (रोगांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीत) शिरला की आधी आपल्या आरएनएवरून डीएनए बनवतो आणि मग तो डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसवतो. सध्या भरपूर वापरल्या जाणाऱ्या एका गोळीत तीन औषधं असतात. टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन पहिली पायरी अडवतात, डोल्युटेग्राविर दुसरी. त्यामुळे नव्या पेशींना लागण होत नाही. पण विषाणू आधीच बस्तान मांडून बसलेल्या काही पेशी वर्षानुवर्षं निपचित पडून असतात. तिथे नवा विषाणू तयारच होत नसतो, त्यामुळे गोळीला अडवण्यासारखं काही सापडत नाही आणि व्हायरल लोडच्या तपासणीतही त्या पेशी दिसत नाहीत. गोळी थांबली की त्यांतल्या काही जाग्या होतात आणि बहुतेकांचा लोड काही आठवड्यांतच वर येतो. सीडी-4 पेशींची संख्या चांगली असताना औषध थांबवून बघण्याचा प्रयोग ‘स्मार्ट’ नावाच्या मोठ्या चाचणीत झाला होता. थांबवणाऱ्यांत आजारपण आणि मृत्यू जास्त दिसल्यामुळे 2006 मध्ये तो आवरता घ्यावा लागला. त्यातून हिपॅटायटिस बी असेल तर आणखी जपायला हवं, कारण टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन त्यावरही काम करतात आणि ती अचानक बंद केली की यकृताला जोराची सूज येऊ शकते.

तीन औषधं कशाला, असंही लोक विचारतात. हा विषाणू स्वतःची नक्कल करताना भरमसाठ चुका करतो. त्या चुकांमधून एका औषधाला दाद न देणारा विषाणू लवकर निपजतो. 1987 मध्ये झिडोव्हुडिन आलं तेव्हा ते एकटंच दिलं जायचं आणि काही काळाने त्याचा असर ओसरायचा. चित्र पालटलं ते 1996 च्या सुमारास, तीन औषधं एकत्र द्यायला लागल्यावर. मनाला येईल तशी मधूनमधून गोळी घेणं म्हणूनच वाईट. अर्धवट औषधात विषाणूला सराव मिळतो.

नियमित गोळी घेऊनही लोड वाढला तर मी आधी पिशवीतल्या बाकीच्या गोळ्या बघतो. कॅल्शियम, लोह, अ‍ॅसिडिटीचं औषध. यांतले धातू पोटात डोल्युटेग्राविरला चिकटतात आणि ते नीट शोषलंच जात नाही. एआरटीची गोळी यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. कॅल्शियम-लोह जेवणासोबत एकत्र चालतं, अ‍ॅसिडिटीची अ‍ॅल्युमिनियम-मॅग्नेशियमवाली औषधं मात्र तशीही नाहीत. टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू झालं तर डॉक्टरांना लगेच सांगा, डोल्युटेग्राविर दिवसातून दोनदा लागतं.

आता जोडीदाराचं. तुमचा लोड 200 च्या (मिलिलिटर रक्तामागे विषाणूच्या प्रती) खाली टिकून असेल तर शरीरसंबंधातून त्यांना लागण होत नाही. ‘पार्टनर’ या अभ्यासात अशा शेकडो जोडप्यांनी कंडोमशिवाय संबंध ठेवले आणि जोडीदाराकडून एकालाही लागण झाली नाही. (हे संबंधांपुरतंच, सुई किंवा अंगावरच्या दुधाला हा हिशोब लावू नका. आणि बाकीचे गुप्तरोग गोळीने थांबत नाहीत, त्यासाठी कंडोमच.) म्हणजे तुमची गोळी तुम्ही वेळेवर घेतलीत की त्यांचाही बचाव होतो. ती वाटून घेतलीत तर महिना संपायच्या आत तुमचाच डबा रिकामा.

तरीही त्यांना स्वतःचं संरक्षण हवं असेल, किंवा तुमचा लोड अजून उतरायचा असेल, तर त्यासाठी प्रेप (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायचं औषध) आहे: बहुतेक वेळा टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिनची गोळी. शिवाय इंजेक्शनंही आली आहेत, कॅबोटेग्राविर दोन महिन्यांनी आणि लेनाकापाविर सहा महिन्यांनी. सुरू करण्याआधी आणि नंतरही ठरावीक काळाने एचआयव्हीची तपासणी लागते, गोळी असेल तर मूत्रपिंडाचीही. तपासणी न करता सुरू केलं आणि लागण आधीच झालेली असली, तर दोनच औषधांवर विषाणू रेझिस्टंट व्हायला वेळ लागत नाही.

लोड वाढलेला असताना कंडोम फाटला तर गोष्ट वेगळी. तेव्हा जोडीदाराला पेप (धोका होऊन गेल्यावर लागण टाळायला घ्यायची औषधं) लागतं, 72 तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं, आणि पुढे 28 दिवस. तिथे डॉक्टर कदाचित तुमच्याच गोळीतली औषधं लिहून देतील, पण तपासणी करून. सुट्टी असली तरी ओपीडी उघडायची वाट बघू नका, थेट तातडीच्या विभागात जा.