कॉव्हेंट्रीचा बळी दिला गेला होता का?

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडले होते, आणि हे गुपित फुटू नये म्हणून इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरावर बॉम्बहल्ला होणार हे ठाऊक असूनही चर्चिल यांनी नागरिकांना सावध केले नाही, असे एका व्याख्यानात ऐकले. हे खरे आहे का? असल्यास तो निर्णय योग्य म्हणावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण ऐकलेली कथा 1974 पासून जोमाने पसरली. त्या वर्षी ब्रिटिश हवाई दलातील निवृत्त गुप्तचर अधिकारी विंटरबोथम यांनी आठवणींच्या पुस्तकात लिहिले, की शहराचे नाव हल्ल्याच्या दुपारीच चर्चिल यांच्यापर्यंत पोहोचले होते. पुढे मूळ कागदपत्रे खुली झाली आणि त्यांतून निराळेच चित्र दिसते.

एनिग्मा या जर्मनांच्या सांकेतिक यंत्राच्या संदेशांतून ब्लेचली पार्क या ब्रिटिश संकेतभेद केंद्राला नोव्हेंबर 1940 मध्ये एवढेच कळले होते, की ‘मूनलाइट सोनाटा’ या सांकेतिक नावाचा एक मोठा हल्ला पौर्णिमेच्या सुमारास व्हायचा आहे. संदेशात लक्ष्यांसाठी सांकेतिक शब्द होते. त्यांपैकी ‘कोर्न’ म्हणजे कॉव्हेंट्री, हे तेव्हा कोणाच्याही ध्यानात आले नाही. हवाई मंत्रालयाचा कल लंडन आणि आसपासच्या भागाकडे होता. 14 नोव्हेंबरला चर्चिल लंडनबाहेर जायला निघाले होते, पण हल्ला लंडनवरच होणार या समजुतीने ते वाटेतून माघारी फिरले आणि त्या रात्री हवाई मंत्रालयाच्या गच्चीवर विमानांची वाट पाहत राहिले. ज्याला खरे लक्ष्य माहीत आहे असा माणूस असे वागणार नाही, हे मला कोणत्याही युक्तिवादापेक्षा अधिक पटते.

लक्ष्याचा अंदाज त्या दुपारी तीनच्या सुमारास आला खरा, पण तो सांकेतिक संदेशांतून नव्हे, तर बॉम्बफेकी विमानांना वाट दाखवणाऱ्या जर्मन रेडिओ-किरणांच्या मोजणीतून. त्या किरणांत अडथळा आणण्याचा प्रयत्नही झाला. परंतु ब्रिटिश यंत्रांचा सूर जर्मन ग्राहकयंत्राच्या सुराशी जुळत नसल्याने तो फसला आणि रात्री पाठवलेली लढाऊ विमानेही जवळजवळ निष्फळ ठरली. त्या रात्री 500 हून अधिक माणसे मरण पावली आणि सेंट मायकेल कॅथेड्रल जळून गेले.

तथापि आपला दुसरा प्रश्न त्यामुळे निकालात निघत नाही, कारण गुपिताची किंमत इतरत्र मोजली गेलीच. सहसा त्यावर आडवाट सापडे : मार्च 1941 मध्ये केप मटापानजवळ इटालियन आरमारावर चाल करण्याआधी एक सागरी विमान मुद्दाम त्या दिशेने पाठवले गेले, म्हणजे जहाजे टेहळणीत दिसली असे शत्रूला वाटावे. जिथे आडवाट नव्हती, असा प्रसंग त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आला. व्यापलेल्या सोव्हिएत प्रदेशातील जर्मन पोलिसांचे बिनतारी संदेश ब्लेचलीत वाचले जात होते आणि त्यांत गोळ्या घालून मारलेल्या ज्यूंचे आकडे येत होते. 24 ऑगस्टला चर्चिल यांनी रेडिओवरून या कत्तलींबद्दल सांगितले, मात्र ज्यूंचे नाव घेतले नाही. 13 सप्टेंबरला जर्मन पोलीस प्रमुख डालुगे यांनी असे आकडे बिनतारीवरून न पाठवता निरोप्याकरवी पाठवावेत असा आदेश काढला.

मला खरा पेच इथे दिसतो. कॉव्हेंट्रीत निदान भोंगा वाजला, आश्रयस्थाने होती; सोव्हिएत प्रदेशातील या ज्यूंना इशारा देण्याचे जवळजवळ एकमेव साधन म्हणजे जाहीर उच्चार, आणि अधिक स्पष्ट बोलावे तर सगळे संदेश बंद पडण्याची भीती. चर्चिल जेवढे बोलले तेवढ्याला मी दोष देणार नाही. पण युद्ध संपल्यावर हा धोका उरला नव्हता, तरीही नाझी नेत्यांवरील न्युरेंबर्गच्या खटल्यात हे संदेश पुरावा म्हणून मांडले गेले नाहीत, आणि ते सर्वांसाठी खुले व्हायला 1990 चे दशक उजाडले. या मौनाचे समर्थन मला करता येत नाही.