लॉक घेतला म्हणजे काम झालं असं नाही

अनेक प्रोसेसपैकी एका वेळी एकीनेच डेटा बदलावा म्हणून लॉक घेतात. रेडिस या की-व्हॅल्यू डेटाबेसमध्ये तो घेताना 'सेट' कमांडलाच 'एनएक्स' (की आधीच नसेल तरच लिही) आणि 'पीएक्स ३००००' (३०,००० मिलिसेकंदांनी, म्हणजे ३० सेकंदांनी, की आपोआप जाऊ दे) हे दोन्ही पर्याय द्या. 'सेटएनएक्स' आधी आणि मुदत लावणारी 'एक्स्पायर' नंतर, असं केलंत आणि मधेच प्रोसेस मेली, तर लॉक अडकून बसतो. व्हॅल्यू दर वेळी नवी, रँडम ठेवा. सोडताना ती आपलीच आहे का हे तपासून मगच की डिलीट करा, आणि दोन्ही गोष्टी एकाच लुआ स्क्रिप्टमध्ये (ती रेडिस मधे दुसरं काही न करता सलग चालवतो). नाहीतर दुसऱ्याचा लॉक तुम्हीच सोडून द्याल.

खरी गोम पुढे आहे. मुदत ३० सेकंदांची, पण समजा गार्बेज कलेक्शनमुळे (न लागणारी मेमरी मोकळी करण्याचं काम) प्रोसेस ४० सेकंद थिजली. ती जागी होते तेव्हा लॉक दुसऱ्याकडे गेलेला असतो. तिला याचा पत्ताच नसतो, ती खुशाल डेटा लिहून मोकळी होते. लिहिण्याआधी घड्याळ बघूनही भागत नाही, कारण बघणं आणि लिहिणं यांच्या मधेही ती थिजू शकते. मुदत वाढवली तर क्लायंट, म्हणजे लॉक घेतलेली प्रोसेस, मेल्यावर बाकीचे जास्त ताटकळतात, एवढंच.

म्हणून लॉकसोबत सतत वाढणारा क्रमांक घ्या, म्हणजे फेन्सिंग टोकन. एटसीडीचा रिव्हिजन किंवा झूकीपरचा झेडएक्सआयडी (या समन्वय सेवा बदलांना देतात तो वाढता क्रमांक) त्यासाठी चालतो; रेडिसमधली रँडम व्हॅल्यू नाही, कारण तिला क्रम नसतो. प्रत्येक लेखनासोबत टोकन पाठवा. आधी पाहिलेल्यापेक्षा लहान टोकन आलं तर ते लेखन स्टोरेजनेच नाकारायचं. ही तपासणी क्लायंटमध्ये ठेवली तर सगळं मुसळ केरात.

आणि एकाच डेटाबेसमधली एकच ओळ बदलायची असेल, तर लॉकच्या भानगडीत पडूच नका. व्हर्जन कॉलम ठेवा, 'अपडेट'च्या अटीत जुनं व्हर्जन घाला. ० ओळी बदलल्या तर पुन्हा वाचून प्रयत्न करा.