पैसा सुटण्याआधी लिहून घे

बुडायला आलेल्या मोठ्या कंपनीला सरकारने पैसा द्यावा का, यावरची तुझी टिपणी दोनदा वाचली. डाव्या रकान्यात हजारोंचा रोजगार आणि पुरवठादारांची साखळी, उजव्या रकान्यात सामान्यांच्या करातून धनाढ्यांची भर, आणि शेवटी तुझं वाक्य: ‘दोन्ही बाजू पटतात, शिफारस काय करावी कळत नाही.’ दोन्ही पटतात, कारण दोन्ही खऱ्या आहेत. मोठी कंपनी कोसळली की तिच्या चुकांत ज्यांचा काडीचा हात नव्हता तेच आधी भरडले जातात. नफा मालकाचा आणि तोटा जनतेचा हा व्यवहार अन्यायाचा आहे. यावर तुझं-माझं दुमत नाही, म्हणून त्यात वेळ घालवत नाही. पण ‘द्यावं की देऊ नये’ यावर तू आठ पानं लिहिलीस आणि ‘कशाच्या बदल्यात’ यावर जेमतेम अर्धं. टिपणी तिथे फसली आहे.

माझं म्हणणं एकच आहे आणि या पत्रात ते तुला पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल. पैसा सुटण्याआधी मोबदला लिहून घे. सरकारच्या हातात खरा जोर असतो तो धनादेशावर सही होईपर्यंत. त्यानंतर गरज सरो, वैद्य मरो.

आधी कंपनीला नेमकं काय झालंय ते शोध. त्यासाठी वार्षिक ताळेबंद पुरत नाही, तो शिळा असतो. पुढच्या तेरा आठवड्यांचा कॅशफ्लो, म्हणजे रोकडीच्या आवक-जावकीचा तक्ता, मागव, आठवड्यागणिक मांडलेला: कोणत्या आठवड्यात कोणतं कर्ज फेडीला येतं, पगार कधी, कर कधी भरायचे, पुरवठादारांचं किती थकलंय. मग कर्जाचे करार उघडून ‘क्रॉस डिफॉल्ट’चं कलम बघ. ते असलं तर एक हप्ता चुकला की बाकीचे सावकारही त्यांची कर्जं तत्काळ मागू शकतात, आणि कंपनीने सांगितलेल्या आकड्याच्या कितीतरी पट रक्कम लागते. समूहातल्या इतर कंपन्यांकडून किती येणं आहे आणि त्यांना किती जातंय, हे वेगळ्या पानावर घे. तिथे हमखास काहीतरी दडलेलं असतं. कंपनी ‘गोपनीय आहे’ म्हणाली तर पैसाही गोपनीयच राहील असं सांग. झाकली मूठ सव्वा लाखाची असते, पण त्या मुठीला करदात्याचे पैसे द्यायचे नसतात.

या कागदांवरून कळेल की कंपनीला रोकडीची चणचण आहे की ती खरोखर बुडाली आहे. मालमत्ता देण्यांपेक्षा जास्त असेल, फक्त बाजार घाबरलाय म्हणून कुणी उधार देत नसेल, तर उत्तर जुनंच आहे. इंग्रज अर्थलेखक वॉल्टर बॅजट यांनी एकोणिसाव्या शतकात मध्यवर्ती बँकेसाठी सांगितलेला नियम: सढळ हाताने कर्ज द्या, पण चांगल्या तारणावर आणि चढ्या दराने. दर चढा हवा, कारण ज्याला दुसरीकडून मिळू शकतं त्याने तुमच्या दारात येऊ नये. देणी मालमत्तेपेक्षा जास्त असतील तर मात्र कर्ज देणं म्हणजे कुणाचा तरी तोटा आपल्या अंगावर घेणं. कुणाचा, हे नावासकट लिहायचं.

या प्रश्नाला तू बगल दिलीस, म्हणून जरा रागावून लिहितो. ‘कंपनीला मदत’ असं लिहून चालत नाही. पैसा कंपनीत शिरतो आणि तिथून कुणाच्या तरी खिशात जातो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २००८ मध्ये एआयजी या विमा कंपनीला ८५ अब्ज डॉलरचं कर्ज मंजूर केलं आणि बदल्यात जवळपास ८० टक्के मालकी घेतली. अट कडक वाटते. पण पुढच्या महिन्यांत ज्या बड्या बँकांनी एआयजीकडून कर्जबुडीचं संरक्षण (कर्ज बुडाल्यास भरपाईची हमी) विकत घेतलं होतं, त्यांचे करार पूर्ण दर्शनी किमतीला मिटवले गेले. त्यांनी थोडी सूट सोसावी ही अट आधीच्या कागदात नव्हती, आणि नंतर ती मागायला हातात काही उरलं नव्हतं. २०१२ अखेर हिशेब मिटला तेव्हा सरकारला सुमारे २२.७ अब्ज डॉलरचा फायदा दिसला. तो आकडा पुढे करून कुणी ‘सगळं बरोबर होतं’ म्हणालं तर मान डोलावू नकोस. फायदा झाला म्हणून जोखमीची किंमत योग्य लावली होती असं सिद्ध होत नाही, आणि तोटा झाला म्हणून निर्णय चुकला असंही नाही. जनरल मोटर्समध्ये अमेरिकी सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घातले आणि ११ अब्जांच्या आसपास गमावले. तरी तिथे जुने भागधारक शून्यावर आले, रोखेधारकांनी मोठी कपात सोसली आणि प्रकरण दिवाळखोरी न्यायालयातून गेलं. मी त्या व्यवहाराला एआयजीपेक्षा वरचा मानतो.

तोट्याची उतरंड ठरलेली आहे: आधी भागधारक, मग दुय्यम रोखे (ज्यांची फेड इतर कर्जांनंतर होते), मग विनातारण सावकार, मग तारणवाले, आणि सर्वांत शेवटी करदाता. स्वीडनने १९९२ च्या बँक संकटात ठेवीदारांना आणि धनकोंना हमी दिली, पण भागधारकांना दिली नाही. बँकांना बुडीत कर्जं आधी कबूल करायला लावली, सरकारी भांडवलाच्या बदल्यात मालकी घेतली आणि नॉर्डबँकेनची वाईट कर्जं सेक्युरम नावाच्या वेगळ्या कंपनीत काढली. आयर्लंडने २९ सप्टेंबर २००८ च्या रात्री आपल्या बँकांच्या सुमारे ४४० अब्ज युरोच्या देण्यांना हमी दिली, त्यात दुय्यम रोख्यांचाही मोठा भाग होता. कर्जं किती सडली आहेत हे तेव्हा कुणी मोजलेलं नव्हतं. नोव्हेंबर २०१० मध्ये त्या देशालाच युरोपीय संघ आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे जावं लागलं. आणि हमीला पैसे लागत नाहीत असं तुझ्या टिपणीत दोन ठिकाणी आहे, ते काढून टाक. अर्थसंकल्पात त्या दिवशी शून्य दिसतं, एवढंच. हमी देतानाच अपेक्षित तोट्याची रक्कम आणि हमीशुल्क दोन्ही मांडायची.

आता नीट झालेला एक व्यवहार जवळून बघ. क्रायस्लर मोटार कंपनी १९७९ मध्ये बुडायला आली. अमेरिकेने रोख दिली नाही, दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जाला हमी देणारा कायदा केला. त्याच कायद्यात अट घातली की कामगार संघटना, सावकार बँका, पुरवठादार, वितरक यांनीही मिळून ठरावीक रकमेचा भार उचलायचा. त्यांनी उचलला नसता तर हमी मिळाली नसती. शिवाय सरकारने वॉरंट घेतले, म्हणजे १.४४ कोटी शेअर १३ डॉलरना घेण्याचा हक्क. १९८३ मध्ये कंपनी सावरली, कर्ज मुदतीच्या सात वर्षं आधी फेडलं आणि मग ती म्हणू लागली की आता वॉरंट सोडून द्या. सरकारने नकार दिला आणि लिलाव केला. ते वॉरंट शेवटी कंपनीनेच सुमारे ३१.१ कोटी डॉलरना विकत घेतले. कागद आधी झाला होता म्हणून नकार देता आला. हाच नकार १९८३ मध्ये आयत्या वेळी शोधावा लागला असता तर?

जर्मनीने २०२० मध्ये लुफ्तान्साला ९ अब्ज युरोचं पॅकेज देताना हीच शिस्त पाळली. २० टक्के हिस्सा शेअरमागे २.५६ युरोला, बाजारभावापेक्षा पुष्कळ स्वस्त. लाभांशाला बंदी, संचालकांच्या बोनसला बंदी. उरलेल्या सरकारी भांडवलावरचा दर सुरुवातीला ४ टक्के आणि पुढे ९.५ टक्क्यांपर्यंत चढणारा. हा चढता दर मला सर्वांत आवडतो, कारण मग सरकारी पैसा लवकर परत करण्यातच कंपनीचं हित असतं. २०२२ पर्यंत सगळे शेअर विकून सरकारने सुमारे ७६ कोटी युरो कमावले. शेअर कोणत्या भावाने घ्यायचे हा तपशील कारकुनी वाटतो, पण करदात्याचा हिस्सा तिथेच ठरतो. भारतात २०२३ मध्ये व्होडाफोन-आयडिया या दूरसंचार कंपनीची सरकारला असलेली १६,१३३ कोटींची व्याजाची देणी शेअरमध्ये बदलली तेव्हा भाव धरला दर्शनी १० रुपये, आणि बाजारात तो शेअर ७ रुपयांच्या आसपास होता. त्याच रकमेत किती कमी शेअर हाती आले, ते भागाकार करून बघ.

रोजगाराच्या अटीवर तुझी फार भिस्त आहे, म्हणून तिथे अधिक कसून काम कर. ‘रोजगार टिकवेल’ असं लिहिलेलं कलम कवडीच्या किमतीचं. कोणत्या तारखेची पगारपत्रकं पायाभूत धरायची, कंत्राटी धरायचे की नाही, अर्धवेळ दोघांचा एक मोजायचा का, कोणत्या कारखान्यात, आणि आकडा कोण प्रमाणित करणार? कंपनीचं पत्र चालणार नाही, पगारावरच्या कर आणि निधी भरण्याच्या नोंदी लागतील. मुदतही बघ. अमेरिकेतल्या विमान कंपन्यांना २०२० मध्ये पगारासाठी मदत मिळाली, तिची रोजगाराची अट ३० सप्टेंबरला संपत होती. १ ऑक्टोबरला दोन मोठ्या कंपन्यांनी मिळून सुमारे ३२,००० लोकांना बिनपगारी घरी बसवलं. त्यांनी करार मोडला नाही, करार तेवढ्यापुरताच होता.

नवा कारखाना आणण्यासाठीच्या सवलतींनाही हेच लागू. विस्कॉन्सिन राज्याने २०१७ मध्ये फॉक्सकॉनला १३,००० नोकऱ्यांच्या बोलीवर जवळपास तीन अब्ज डॉलरच्या सवलती देऊ केल्या. नोकऱ्या आल्या नाहीत, आणि २०२१ मध्ये करार १,४५४ नोकऱ्यांसाठी ८ कोटी डॉलरवर आला. राज्याची मोठी रक्कम वाचली, कारण करसवलत नोकऱ्या प्रत्यक्ष मोजल्यावरच मिळायची होती. पण जमीन आणि रस्ते-पाण्यावर स्थानिक संस्थांनी आधीच खर्च केला होता, तो गेला. काम आधी आणि रक्कम नंतर असेल तिथेच पैसा शाबूत राहतो. वसुलीचं कलम घालशील तेव्हा वसुली कुणाकडून करायची तेही लिही. ज्या उपकंपनीकडे मालमत्ताच नाही तिच्यावरचा हक्क घेऊन काय करणार? मूळ कंपनीची हमी घे किंवा बँक गॅरंटी. रक्कम स्वतंत्र एस्क्रो खात्यात (अट पुरी झाल्यावरच पैसा सोडणाऱ्या त्रयस्थाच्या खात्यात) टाक, तिथून हप्त्याहप्त्याने सोड, आणि प्रवर्तकांच्या इतर कंपन्यांना एक छदामही जाणार नाही असं बंधन घाल.

तुला सांगतील की एवढ्या अटी घालत बसलो तर सोमवारी बाजार उघडेपर्यंत कंपनी मेलेली असेल. हे मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर चिडतोही. अटींचा मसुदा संकटाच्या रात्री लिहायचा नसतोच. वॉरंट, लाभांशबंदी, चढता दर, संचालक मंडळावर जागा, बाहेर पडण्याचं वेळापत्रक, हे सगळं आधी तयार ठेवता येतं. त्या रात्री फक्त आकडे भरायचे. युरोपीय संघात अडचणीतल्या कंपनीला पुनर्रचनेसाठी मदत मिळाली की साधारण दहा वर्षं पुन्हा नाही, असा नियम आधीपासून लिहिलेला आहे. ज्याला घाई आहे तोच घाईचा फायदा घेतो, हे ओळख. मला अडेलतट्टू म्हणणाऱ्यांनी ‘अट असती तर कंपनी बुडाली असती’ हे कधी कागदावर मांडून दाखवलेलं नाही. पहिल्या मसुद्यातली कलमं शेवटच्या मसुद्यातून का गळाली याची नोंद कुठेच राहत नाही, ही माझी जुनी खंत आहे. तू ती ठेव. कोणतं कलम, कोणत्या तारखेला, कुणाच्या सूचनेवरून वगळलं, एवढं फाइलवर आलं तरी अर्धी कलमं टिकतील.

आणि अटी मान्य नसतील तर? तर कंपनीला न्यायालयात जाऊ दे. कारखाने, विमानं, कामगारांचं कसब हे दिवाळखोरीत वाफ होऊन जात नाही. जुन्या मालकांची मालकी तेवढी जाते. तोवर कामगारांचे थकलेले पगार आणि लहान पुरवठादारांची बिलं सरकारने थेट भागवावीत, कंपनीच्या खात्यातून फिरवू नयेत. तुझ्या डाव्या रकान्यातली बरीचशी काळजी तिथेच मिटते, आणि तीही कमी पैशात.

टिपणी नव्याने लिही. पहिल्या पानावर तेरा आठवड्यांचा तक्ता, दुसऱ्यावर तोटा कुणाच्या वाट्याला किती याची यादी, तिसऱ्यावर अटी, आणि प्रत्येक अटीपुढे ती मोडल्यास कुठल्या खात्यातून वसुली होणार ते. शिफारस चौथ्या पानावर. समूहातल्या कंपन्यांची देणीघेणी अजून आली नसतील तर आजच पत्र पाठव, उत्तराला सात दिवसांची मुदत दे आणि त्या पत्राची प्रत मलाही पाठव.