शिडीवर चढल्यावर रंगाचा डबा ठेवायचा कुठे?

पाऊस ओसरला की ठाणे-नवी मुंबईत घराघरात रंगाची चर्चा सुरू होते, आणि या वेळी आलेल्या पत्रांत रंग कुठला घ्यायचा यापेक्षा वर चढून तो लावायचा कसा हेच जास्त जणांनी विचारलंय. मला हे फार बरं वाटलं, कारण शेड चुकली तर परत मारता येते पण माणूस पडला तर सगळी दिवाळी हॉस्पिटलात जाते. म्हणून हा अख्खा भाग याच विषयाला.

प्रश्न (नेरुळ): काका, आम्ही दोघं मिळून हॉल स्वतःच रंगवतोय. पाच पायऱ्यांची अ‍ॅल्युमिनियमची फोल्डिंग शिडी आहे. मिस्टर डाव्या हातात चार लिटरचा डबा धरतात आणि उजव्या हातात ब्रश, मग शिडी धरायला हातच राहत नाही. परवा डबा निसटला, तो पकडायला ते वाकले आणि शिडी एका बाजूला उचलली गेली, मी खाली होते म्हणून धरली. लाद्यांवर रंग सांडला तो वेगळाच. डबा नक्की कसा धरायचा?

उत्तर: ताई, आधी सांगा त्यांना, डबा निसटला की निसटू द्यायचा. खरंच. हात सुटलेल्या वस्तूमागे आपोआप जातो आणि त्याच्यामागे अंग जातं, शिडीवरून माणसं पडतात ती बऱ्याचदा अशीच. लादीवर सांडलेलं इमल्शन, म्हणजे पाण्यातला भिंतीचा रंग, ओलं असताना पाण्याने पुसलं की निघून जातं, त्याच्यासाठी मनगट मोडून घ्यायचं काही कारण नाही.

आता डब्याचं. इमल्शन पाण्यापेक्षा जड असतं, लिटरला साधारण १.३ ते १.५ किलो, म्हणजे चार लिटरचा भरलेला डबा सव्वापाच ते सहा किलोचा झाला आणि तो ते एका हाताने, अंगापासून लांब, तासभर धरून उभे राहतात! खांदा भरून येणारच. आणि मुळात एवढा रंग वर लागतो का ते एकदा हिशोब करून बघा. तुमचा हॉल दहा बाय बाराचा धरू. चारी भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. सीलिंगच्या कडेने ब्रशने जी पट्टी मारायची, ज्याला पेंटर कटिंग म्हणतात, ती तीन इंच रुंद धरली तर सगळी मिळून ११ चौरस फूट. गुळगुळीत भिंतीवर लिटरभर इमल्शन एका कोटात १०० चौरस फूट तरी जातं, म्हणजे वरच्या कडेच्या अख्ख्या पट्टीला लागला किती रंग, तर सव्वाशे मिलीच्या आतबाहेर. चहाचा एक मोठा कप. ब्रशमध्ये राहणारा, डब्याला चिकटणारा धरून पाव लिटर घ्या, पुरे. उरलेली भिंत जमिनीवर उभं राहून रोलरला लांब दांडा लावून मारता येते, त्याला शिडी लागतच नाही.

मोठा डबा जमिनीवरच राहू दे, झाकण लावून, आणि वर न्यायला वेगळा छोटा डबा करा. घरात पाच लिटरचा तेलाचा रिकामा कॅन असेल ना, ज्याला वरच मूठ असते, तो साबणाने धुऊन वाळवा आणि मुठीच्या समोरची वरची बाजू कटरने कापून टाका, मूठ तशीच ठेवा. झाला रंगाचा मग. आत तीन-चार बोटं रंग घ्यायचा, त्याच्यावर नाही. कापलेल्या कडा धारदार असतात, त्यांच्यावर मास्किंग टेप चिकटवा.

आणि हा छोटा मगसुद्धा हातात धरून चढायचं नाही. तुमच्या शिडीला वर जो सपाट ट्रे किंवा फळी असेल त्यावर तो आधी जमिनीवरूनच ठेवून द्या, पाच पायऱ्यांच्या शिडीला उंच माणसाचा हात पोचतो, नसेल पोचत तर तुम्ही खालून त्यांच्या हातात द्या. ते रिकाम्या हातांनी, शिडीकडे तोंड करून चढतील, दोन्ही पाय एका पायरीवर टेकवतील, एक हात शिडीला, एक हात ब्रशला. दोन पाय आणि एक हात, तीन आधार कायम शिडीवर. रंगाचा मग ट्रेवरून घसरू नये म्हणून ट्रेला एक जुना ओला नॅपकिन घाला, ओलं कापड डबा चांगला धरून ठेवतं.

ट्रे नसेल तर एस आकाराचा हुक मिळतो हार्डवेअरवाल्याकडे, जाडसर लोखंडी घ्या, पडद्याचा बारीक नको. पायरीला नीट बसत असेल तर त्यात रंगाचा मग अडकवा, कमरेच्या वर छातीच्या खाली, म्हणजे बुडवायला वाकावं लागत नाही. हुक सटकू नये म्हणून त्याचं तोंड तारेने बांधून टाका. पायऱ्या चपट्या असतील आणि हुक बसत नसेल तर सुतळीने रंगाचा मग शिडीच्या उभ्या पट्टीला बांधा, पण हुकसाठी शिडीला ड्रिलने भोक कृपा करून पाडू नका, अ‍ॅल्युमिनियमची पट्टी तिथे कमजोर होते.

अजून दोन गोष्टी, याच्यात चुकतात लोक. शिडीखाली प्लास्टिक अंथरू नका, व्हिट्रिफाइड लादीवर प्लास्टिक सरकतं आणि वरची शिडी त्याच्याबरोबर सरकते, शिडीचे रबरी बूट थेट लादीवर टेकले पाहिजेत, प्लास्टिक किंवा पेपर आजूबाजूला घाला. आणि शिडी सरकवायच्या आधी दर वेळी वर बघा, ट्रेवर मग आहे हे विसरून शिडी ओढली की तो सरळ डोक्यावर येतो. रंगाचा मग आधी खाली, शिडी नंतर. पंख्याचं बटण बंद करून त्याच्यावर टेप लावा, घरात मुलं असतील तर नक्कीच लावा.

प्रश्न (घणसोली): ब्रशचं काय करायचं? फोन आला, टेप काढायची असली, की ब्रश ठेवायला जागा नसते, डब्यावर आडवा ठेवला तर पडतो. आणि वरचं मारताना रंग ओघळत कोपरापर्यंत येतो, शिडीच्या पायऱ्यापण चिकट झाल्यात.

उत्तर: फोनचं आधी, फोन खाली ठेवा. शिडीवर असताना तो उचलायचा नाही, खिशात वाजला तरी पाय हलतात.

ब्रशला मगाच्या आत लोहचुंबकाने चिकटवून ठेवता येतं आणि ही युक्ती फार कामाची आहे. बऱ्याच ब्रशांच्या केसांना धरणारी जी पत्र्याची पट्टी असते ती लोखंडी असते, एक चपटा जरा ताकदीचा चुंबक मगाला बाहेरून टेपने चिकटवा, आतून ब्रशची पट्टी तिथे टेकवा, ब्रश उभा राहतो आणि केसातून गळणारा रंग मगातच पडतो. विकत घेण्याआधी तुमच्या ब्रशला चुंबक चिकटतो का ते बघा, पितळी किंवा काही स्टीलच्या पट्टीला नाही चिकटत. नसेल चिकटत तर मगाच्या तोंडावर आडवी जाड तार बांधा आणि ब्रशच्या दांड्याला जे भोक असतं त्यात छोटा हुक घालून तारेवर लटकवा. तीच तार ब्रश निथळायलाही होते. पँटच्या मागच्या खिशात ब्रश खोचायची सवय असेल तर सोडा, उतरताना दांडा पायरीत अडकतो.

ओघळण्याचं कारण एकच, ब्रश मानेपर्यंत बुडवला जातोय. केसांचा खालचा तिसरा भाग बुडवायचा, फार तर अर्धा, आणि मगाच्या आतल्या बाजूला दोन्हीकडून हलकं आपटायचं, कडेवर खरवडायचं नाही. डोक्याच्या वर हात करून काम असेल तर याहूनही कमी. दांड्याला पट्टीच्या खाली कापडाची चिंधी गुंडाळली तर उरलेला ओघळ तिथे शोषला जातो.

पायऱ्या मात्र लगेच पुसा, तेव्हाच्या तेव्हा. ओल्या इमल्शनवर चप्पल साबणावरून जावी तशी जाते. एक ओलं फडकं शिडीलाच बांधून ठेवा, आणि बाथरूमच्या चपलेत चढू नका, मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला.

प्रश्न (कोपरखैरणे): आमचं छोटं रो-हाऊस आहे. बाहेरची भिंत खालपासून पहिल्या मजल्याच्या खिडकीपर्यंत मी स्वतः मारायचं म्हणतोय. सरळ अ‍ॅल्युमिनियमची शिडी भिंतीला टेकवून, डबा दोरीने वर ओढून घेतला तर चालेल का?

उत्तर: दादा, दोरीने ओढून घ्यायची कल्पना चांगली आहे, हातात डबा घेऊन चढण्यापेक्षा कितीतरी बरी. फक्त ओढताना तुम्ही शिडीवर असाल तर एक हात शिडीला ठेवून दुसऱ्या एकाच हाताने ओढता येईल एवढंच वजन हवं, म्हणजे परत तेच, लिटरभर रंग आणि कडी असलेली छोटी बादली. खालच्या माणसाने बादली बांधली की बाजूला व्हायचं, खाली उभं राहून वर बघत बसायचं नाही. वर आली की पायरीला हुकने अडकवा, दोरी सोडवून घ्या, नाहीतर उतरताना पायात येते.

शिडी टेकवायची ती चार फूट उंचीला एक फूट बाहेर. बारा फुटांवर टेकत असेल तर पाय भिंतीपासून तीन फुटांवर. उभी लावली तर मागे पडते, जास्त तिरकी लावली तर पाय सरकतात. तुमच्या कमरेच्या पट्ट्याचं बकल शिडीच्या दोन उभ्या पट्ट्यांच्या बाहेर गेलं की समजायचं आपण फार ताणतोय, उतरा आणि शिडी सरकवा. मला माहीत आहे त्यात वेळ जातो आणि कंटाळा येतो पण बाहेरच्या भिंतीवर "एवढंच राहिलंय" म्हणून जो हात लांब केला जातो तोच घात करतो. बादली लटकवायची तीही दोन पट्ट्यांच्या मध्येच, बाजूला नाही.

रो-हाऊसच्या गल्ल्यांत विजेच्या आणि केबलच्या वायरी जवळून गेलेल्या असतात, अ‍ॅल्युमिनियममधून करंट जातो, तेव्हा शिडी उभी करायच्या आधी वर नीट बघून घ्या. आणि माझं स्पष्ट मत सांगतो, सगळी भिंत शिडीवरून करू नका. शिडी ही थोड्या वेळाच्या कामाला. खिडकीच्या खालचं जमिनीवरून लांब दांड्याच्या रोलरने करा, आणि वरच्या भागाला परांची बांधणारा पेंटर सेफ्टी बेल्टसकट बोलवा, तेवढे पैसे द्या.

प्रश्न (नौपाडा, ठाणे): बाबा ६८ वर्षांचे आहेत. दर दोन-तीन वर्षांनी गॅलरीच्या ग्रिलला स्वतः ऑइलपेंट मारतात, स्टुलावर उभं राहून, डबा ग्रिलच्या आडव्या पट्टीवर ठेवून. बीपीची गोळी चालू आहे. ऐकत नाहीत. काय करू?

उत्तर: बाबांना काम बंद करा म्हणू नका, ते आवडीने करतायत आणि त्यांचा हात बसलेला असेल. काम वाटून घ्या. छातीच्या खालचं सगळं बाबांचं, खुर्ची घेऊन बसून, डबा शेजारी पाटावर. त्याच्या वरचं तुमचं. बीपीच्या काही गोळ्यांनी पटकन उभं राहिलं की चक्कर येऊ शकते, हे त्यांच्या डॉक्टरांनीच त्यांना सांगितलं तर जास्त पटेल, आमच्या पिढीची माणसं डॉक्टरचं ऐकतात.

स्टूल अजिबात नको. त्याला धरायला काही नसतं आणि गॅलरीत तर बाहेरच्या बाजूला खाली रस्ता असतो. छोटी तीन पायऱ्यांची, वर धरायला दांडी असलेली शिडी आणा. डबा ग्रिलच्या पट्टीवर ठेवणं लगेच थांबवा, तो बाहेर पडला तर खाली जाणाऱ्या माणसाच्या डोक्यात जाईल. ग्रिलच्या आतल्या बाजूला तारेने बांधलेला अर्धा लिटरचा पत्र्याचा डबा, अर्धाच भरलेला, एवढ्यावर गॅलरीचं काम होतं. ऑइलपेंट आणि टर्पेंटाइन दोन्ही पेट घेतात, तेव्हा जवळ उदबत्ती, निरांजन काही नको.

तुमच्या पत्रात नाही पण सांगतोच. इमारत जुनी असेल तर ग्रिलवरच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त शिसं नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचं काही सांगता येत नाही. म्हणून जुना रंग कोरडा खरवडू नका, विशेषतः डोक्याच्या वरचा, तो सगळा तोंडावर येतो. पाणी लावून वॉटरपेपरने घासा, चांगला मास्क लावा, नातवंडं असतील तर तेवढा दिवस त्यांना गॅलरीत सोडू नका आणि खालचा चुरा झाडू नका, ओल्या फडक्याने उचला.

प्रश्न (कळवा): नवीन शिडीच्या ट्रेवर वीस लिटरची बादली ठेवली तर चालेल का? परत परत उतरायला नको म्हणून.

उत्तर: नाही. वीस लिटर म्हणजे २६ ते ३० किलो, आणि ते सगळं शिडीच्या शेंड्याला. ब्रिटनच्या सरकारी सुरक्षा खात्याने शिडीवरच्या कामाबद्दल जे सांगितलंय त्यात सामान हलकं, १० किलोपर्यंत, आणि एका वेळी काम ३० मिनिटांपर्यंत असं आहे, ते आपल्यालाही लागू पडतं. तुमच्या शिडीच्या बाजूला स्टिकर असेल, त्यावर एकूण वजन लिहिलेलं असतं, त्यात तुमचं स्वतःचं वजनही धरायचं, आणि ट्रेचा आकडा वेगळा दिला असेल तर तो बघायचा. लिटरभर घ्या, संपला की उतरा, पाणी प्या, परत भरा.