गोव्याच्या प्राण्यांच्या कार्ड गेममध्ये गवा सगळ्यांना भारी पडतो आणि खंड्या कुणी डेकमध्ये घेत नाही. आकडे कसे बसवायचे?

तुम्ही दिलेले नियम असे: ४० कार्डांचा डेक, खेळाडूला २० लाइफ, साध्या कार्डाला ‘कॉस्टची (कार्ड खेळायला लागणाऱ्या किमतीची) दुप्पट अधिक १’ एवढे गुण अटॅक आणि हेल्थमध्ये वाटायचे, आणि कुठलीही ॲबिलिटी दिली की सरसकट २ गुण कापायचे. पाया उत्तम आहे. हार्थस्टोन या डिजिटल कार्ड गेममधला ४ कॉस्टचा ४/५ (अटॅक ४, हेल्थ ५) चिलविंड यती याच हिशेबात बसतो. गडबड आहे ती ‘सरसकट’मध्ये.

ॲबिलिटीची किंमत अटॅकवर अवलंबून असते. तुमचा गवा ६ कॉस्टला ७/४ आहे आणि ‘घुसणे’मुळे ब्लॉकरला (आडव्या येणाऱ्या कार्डाला) मारून उरलेला मार थेट खेळाडूला बसतो. अटॅक १ असेल तर ही ॲबिलिटी फुकट दिली तरी चालेल, ७ असेल तर २ गुणांत फारच स्वस्त. ‘घुसणे’ला अटॅकच्या निम्मे गुण लावा, म्हणजे गवा ६/४ होतो. एका गुणाने काय फरक पडणार, असं वाटेल. पण २० लाइफ संपवायला ७ चे तीन फटके पुरतात, ६ चे चार लागतात. २ हेल्थचा खेकडा दरवेळी आडवा आला, तर चाराचे पाच होतात. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला उत्तर शोधायला एक आख्खी टर्न जास्त मिळते. आकडा बदलताना असे उंबरठे आधी शोधा. हेल्थचंही तसंच: बहुतेक स्वस्त कार्डांचा अटॅक ३ असेल, तर ३ वरून ४ हेल्थ करणं मोठी गोष्ट आहे, ८ वरून ९ करणं जवळपास काहीच नाही.

खंड्याचं उलट झालंय. २ कॉस्टला १/२ आणि उडणं, म्हणजे न उडणाऱ्या ब्लॉकरला चुकवून मारणं. पण १ अटॅकने उडून करणार काय? वीस फटके मारत बसेल. उडण्याला अटॅकइतके गुण लावा आणि त्याला २/१ करा. धक्का लागला की मरेल, पण रोखला नाही तर दहा टर्नमध्ये खेळ संपवेल. असा पक्षी लोक घेतात.

सगळ्यात जपायचं ते मोरजीच्या कासवाला. ४ कॉस्टला २/५ आणि वर १/१ ची दोन पिल्लं. ती पिल्लंच ४ गुणांची आहेत, म्हणून कासव १/४ हवं. तेवढ्यानेही भागणार नाही, कारण ‘सर्वांना +१ अटॅक’ देणारं तुमचं कळप कार्ड अशा वेळी एकदम तिघांना लागू होतं. पिल्लांना ब्लॉक करू द्या, अटॅक नको.

कुंभारजुवेच्या मगरीला हात लावू नका, ती ठीक आहे.

चाचणी घेताना एका वेळी एकच आकडा बदला आणि पहिली टर्न आलटून पालटून द्या. दहा डावांत ७-३ निकाल लागला म्हणून लगेच कार्ड कापू नका. दोन अगदी समान डेक असले, तरी ठरावीक एक डेक ७ किंवा जास्त डाव जिंकण्याची शक्यता सुमारे १७ टक्के असते. निदान तीस-चाळीस डाव होऊ द्या.

नमुना कार्डं साध्या कागदावर ६३ × ८८ मिमी मापात छापा आणि स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात) जुन्या कार्डापुढे सरकवा. नुसता जाड कागद आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात वाकतो, आणि वाकलेलं कार्ड पाठीवरूनच ओळखू येतं.